हलव्याचा कमरपट्टा

आमच्या गल्लीत त्या काळी लग्न झालेल्या जवळजवळ प्रत्येक मुलीने पहिल्या संक्रांतीला माझ्या हातचे हलव्याचे दागिने घातले. मी मात्र कधीच घातले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं ते त्यातूनच घडलं. नाहीतर तुम्ही म्हणाल, चांगली सातवी पास बाई, आणि तिला एवढंही कळू नये?

माझं लग्न झालं बहात्तरच्या दुष्काळात. साखर रेशनवर मिळायची, तीही चहापुरती. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसवतात, साखरेच्या हलव्याचे दागिने घालतात, शेजारणींना हळदीकुंकवाला बोलावतात. जावयालाही हलव्याचा हार आणि नारळ असतो. माझ्या माहेरचे लोक बिचारे सेनगावच्या बाजूला खडी फोडायच्या कामावर होते. सासूबाई म्हणाल्या, "खायला न्हाई अन् अंगावर कुठून घालू साखर?" त्यांचं चुकलं नव्हतं. पण पहिली संक्रांत एकदाच येते. दुसऱ्या वर्षी पोतंभर साखर आली तरी उपयोग नसतो. आमच्या ह्यांनी तेव्हा माझी समजूत घातली होती, "रडू नको. मी तुला एकदा घालीनच. मग हसू दे लोकांना." एकवीस वर्षांची होते मी. असली वाक्यं त्या वयात फार जपून ठेवली जातात.

पुढे सासूबाई गेल्या, आणि त्यांच्या हातची कला माझ्याकडे आली. हलवा करणं म्हणजे हात भाजून घेणं, दुसरं काही नाही. मंद निखाऱ्यावर परात ठेवायची, त्यात तीळ टाकायचे, चमचाभर पाक सोडायचा आणि हाताने फिरवत राहायचं. दिवसभरात तिळाभोवती साखरेचा एक पापुद्रा चढतो. असे पाच-सहा दिवस केले की दाण्याला काटा येतो. मग एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवायचा, आणि जरीच्या दोऱ्याने पुठ्ठ्यावर बांधायचा. मंगळसूत्र, तोडे, बाजूबंद, कमरपट्टा असं सगळं मी करायची. दिवाळीपासूनच बायका सांगून ठेवायच्या. माझ्या बोटांची टोकं पौषात कायम सोललेली असायची.

आमच्या शेजारच्या खोलीत एक शिक्षिका भाड्याने राहायला आल्या. नाशिककडच्या होत्या. नवरा तिकडे बँकेत, ह्या इकडे पुसेगावच्या शाळेत. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची, मीही. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्या शुद्ध बोलायच्या, पण कुणाच्या बोलण्याला नाक मुरडायच्या नाहीत. पहिल्याच आठवड्यात माझे सोललेले हात बघून त्यांनी आपल्याजवळची मलमाची डबी आणून दिली, आणि स्वतःच लावली. आईनंतर माझ्या हाताला मलम लावणाऱ्या त्या पहिल्याच. मी त्या दिवसापासून त्यांची झाले.

रविवारी दुपारी त्या मला इंग्रजी अक्षरं शिकवायच्या. सातवीपर्यंत शिकलेलं सगळं चुलीत गेलं होतं. त्यांनी पाटी आणली, आणि मी त्यांच्या शेजारी बसून अक्षराला अक्षर जोडायला लागले. बिस्किटाच्या पुड्यावरचं, साबणाच्या कागदावरचं वाचायला लागले. एकदा एक अख्खा शब्द न अडखळता वाचला तर त्यांनी मला जवळ घेतलं. मी त्यांच्यासाठी काय केलं नाही? लोणची घातली, तापात डोकं चेपलं. आमचे हे जमीन मोजणीच्या खात्यात होते, त्यांचे दौरे सेनगाव-पुसेगावकडेच असायचे. मीच ह्यांना म्हणायची, "बाई एकल्या बाईमाणूस, एस्टीत त्यायला जागा धरत जा." डबासुद्धा मी एकच द्यायची, चार खणी. दोघांनी एकत्र जेवलं म्हणजे भाजी गार होत नाही, असा माझा हिशोब. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या साली दिवाळीला ह्यांचा मामेभाऊ आला. तो मालवाहू जहाजावर भटारखान्यात कामाला होता, दोन-दोन वर्षांनी उगवायचा. माझ्यासाठी नायलॉनची साडी, घरासाठी टॉर्च, आणि नख कापायचं एक यंत्र. सगळी गल्ली ते यंत्र बघून गेली. जाताना त्याने ह्यांना ओट्यावर बोलावून एक चपटी पेटी दिली, आणि दोघं तोंडावर हात ठेवून हसत राहिले. मी विचारलं, "काय हाय?" हे म्हणाले, "दाढीचं सामान." मी विषय सोडून दिला. पुरुषांना दाढीच्या सामानात हसण्यासारखं काय वाटतं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

दिवाळीनंतर ह्यांना सेनगावला दोन दिवसांचा मुक्काम पडला. त्याच दोन दिवसांत बाईंचंही शिक्षकांचं कसलं तरी शिबिर होतं. दोघांच्या पिशव्या मीच भरल्या. गार पडतं म्हणून बाईंच्या पिशवीत माझी शाल घातली.

संक्रांतीला चार दिवस होते. जरीचा दोरा संपला, म्हणून ह्यांच्या ट्रंकेत सासूबाईंच्या जुन्या पदराची जर शोधत होते. तळाशी, मोजणीच्या नकाशांखाली, ती चपटी पेटी सापडली. वर लालभडक चेरीचं चित्र, आणि एकमेकांत गुंतलेले दोन बदाम. त्याखाली इंग्रजी शब्दांची रांग. बाकीचे लागले नाहीत, पण एक मी अक्षर लावून वाचला, कँडी. म्हणजे गोळ्या-चॉकलेटातलं काही. वाचता आलं म्हणून आधी बाईंची आठवण आली, त्यांना कधी सांगीन असं झालं.

पेटीत दोन कप्पे होते. एक रिकामा. दुसऱ्यात बटर पेपरमध्ये गुंडाळलेलं, आंब्याच्या पोळीसारखं पातळ, लाल, गोड वासाचं काहीतरी होतं. उलगडलं तर मधे रुंद, खाली निमुळतं, आणि दोन्ही बाजूंना बांधायला तशाच गोड वासाच्या नाड्या. एका कडेला साखरेचं छोटंसं फूल. बरोबर एक घडी घातलेला कागद होता, औषधाच्या बाटलीसोबत येतो तसा, बारीक अक्षरांचा. तो मी उघडलासुद्धा नाही.

दुसरी कुणी असती तर बुचकळ्यात पडली असती. खायची वस्तू, आणि तिला नाड्या? पण मी पडले नाही. उभा जन्म मी करत काय होते? खायची वस्तू नाड्या लावून लोकांच्या अंगावर बांधायचंच काम करत होते. मला एका नजरेत कळलं की हा कमरपट्टा आहे. आकार जरा चमत्कारिक होता. पण तिकडच्या कारागिराला कमरपट्टा काय माहीत? भावाने जसं सांगितलं तसं त्याने केलं असेल. दोन कप्पे, एक बायकोचा, एक नवऱ्याचा. नवऱ्याचा ह्यांनी खाऊन टाकला असणार, जन्माचे खादाड. मी ट्रंकेपाशी बसून एकटीच हसले, आणि मग रडले. सहा वर्षांनी का होईना, माणसाने शब्द लक्षात ठेवला होता. समुद्रापलीकडून मागवला होता माझ्यासाठी. मी सगळं होतं तसं ठेवून दिलं, आणि वाट बघायला लागले.

संक्रांत आली. ह्यांनी तिळगूळ घेतला, माझ्या हातावर ठेवला, आणि कचेरीत निघून गेले. संध्याकाळी काढतील म्हटलं. संध्याकाळी पेपर वाचत बसले. मला वाटलं, लाजतात. सहा वर्षं जुन्या बायकोला नव्या नवरीचा दागिना कसा द्यायचा, हा त्यांना प्रश्न पडला असेल. मग आपणच सोडवावा. दोन दिवसांनी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. हे दौऱ्यावर गेले होते, दिवेलागणीला परतणार होते. ठरवलं, आज हा पट्टा घालूनच त्यांना दारात दिसायचं.

काळी चंद्रकळा नेसले. पुढे रुंद भाग घेऊन, मागे गाठ मारून पट्टा बांधला. फूल खालच्या कडेला ठेवलं, लोलकासारखं. आरशात बघितलं. खरं सांगते, मला मी सुंदर दिसले.

बायका जमल्या आणि एकच गलका झाला. "अगं बया, लाल हलवा!" "जहाजातून आला व्हय?" "नवऱ्यानं आणला म्हणतीस, अन् आमचे बघा, कोथिंबीर आणायला सांगावं तर रिकाम्या हातानं येतात." मी ताठ बसून सगळ्यांचं ऐकत होते. दागिन्याचा दाणा तोडून खायची रीत आहे, नवरीला त्यात मान असतो. म्हणून मीच एक नाडी थोडी तोडून वाटली. पलीकडच्या घरातल्या खाला दरवर्षी यायच्या. कुंकू लावायच्या नाहीत, पण तिळगूळ आणि वाण घेऊन जायच्या. त्यांनी तो तुकडा दाताखाली धरून बराच वेळ विचार केला, आणि म्हणाल्या, "मीठा हय, पन दांतां कू चिपकता." सगळ्या हसल्या. मीही पोट धरून हसले.

तेवढ्यात बाई आल्या. शाळेतून थेट, खांद्याला पिशवी तशीच. मला पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबल्या. मला वाटलं, थक्क झाल्या. मी उठून त्यांच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, "बघा बाई, कसा दिसून राहिला? आमच्या ह्यांनी आणला." त्यांची नजर पट्ट्यावरून हलेना. मी म्हटलं, "असं काहून बघता? वाईट दिसतो का?"

"नाही, नाही. छान दिसतोय." त्यांनी पिशवी दारातच ठेवली. त्या पुढे आल्या, आणि माझे हात मलम लावायला घ्यायच्या तशाच सहज खाली वाकल्या. माझ्या कमरेमागे हात घालून गाठ सोडली, पट्टा उचलून फिरवला, वरची कड खाली केली. फूल वर आलं. पुन्हा गाठ मारली. "उलटा बांधला होतास गं. फूल वर येतं."

"व्हय का?" मी म्हटलं. "तुमाला बरं ठाऊक."

मी हे अगदी साधेपणी म्हटलं. शिकलेली बाई, त्यांना सगळंच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायचं. पण त्यांची बोटं गाठीवरच थांबली. वर बघितलं त्यांनी. शाळेतल्या चुकलेल्या पोरीसारखा तो चेहरा होता. "अंदाजाने म्हटलं," त्या पुटपुटल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

मी गुलाबदाणी उचलली. एकीवर शिंपडलं, दुसरीवर शिंपडलं. तिसरीपाशी हात थांबला. अंदाजाने? जगात कुणी न पाहिलेली वस्तू. मी, हाताने दागिने घडवणारी, मला तिची वरची बाजू कळली नाही. आणि ह्या बाईने न बघता, मागे हात घालून, अंधारात चोळीची गाठ मारावी तितक्या सवयीने ती बांधली.

मी आत गेले. ट्रंक उघडली. तो घडीचा कागद काढला आणि पहिल्यांदा उलगडला. अक्षरांची गरज नव्हती, चित्रं होती. एक बाई आणि एक पुरुष, रेघांनी काढलेले. दोघांच्या अंगावर तेवढंच, आणि दुसरं काही नाही. फूल वर. शेवटच्या चित्रात काय होतं ते मी लिहीत नाही. कँडी हे मी बरोबर वाचलं होतं. खायचीच वस्तू होती ती. नवराबायकोने एकमेकांच्या अंगावरून खायची आतली वस्त्रं होती. आणि रिकामा कप्पा माझ्यासमोर होता. सेनगावचा मुक्काम होता, शिबिर होतं, आणि त्या थंडीत त्यांच्या अंगावर माझी शाल होती.

बाहेर बायका हसत होत्या. मला आधी काय वाटलं सांगू? लाज. मी काळ्या साडीवर, सगळ्या गल्लीपुढे, ते कमरेला मिरवत होते. वर त्याचा तुकडा तोडून बायकांत वाटलाही होता. खालांनी नाडी चघळली होती. मला त्याही क्षणी हसू फुटलं, आणि तोंडात पदर कोंबावा लागला. हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. नवऱ्याने केसाने गळा कापला हे खरंच. पण नवऱ्यांबद्दल आयाबहिणींनी निदान सावध तरी केलेलं असतं. मैत्रिणीबद्दल मला कुणी सावध केलं नव्हतं. आणि सगळ्यात खुपलं ते हे, की तिने मला उघडं पाडायला ती गाठ सोडली नव्हती. मी चार जणींत नीट दिसावं म्हणून सोडली. तिची माया खोटी नव्हती. खोटी असती तर मला सोपं गेलं असतं.

पट्टा सोडला नाही. सोडला असता तर गल्लीने 'का सोडला' असं विचारलं असतं. तोंड धुऊन बाहेर आले.

"नाव घे, नाव घे," बायकांनी धरलं. "एवढा दागिना केला नवऱ्यानं, उखाणा पायजे." मी दरवर्षी नवा रचायची, त्याही वर्षी तयार होता, कमरपट्टा घालूनच रचला होता. मी म्हटलं, "माझा घसा बसला. आज बाई नाव घेतील." सगळ्या बाईंकडे वळल्या. त्या म्हणाल्या, "मला येत नाही."

"येतं की," मी म्हटलं. "कुणाचंबी घ्या. आज मी रागावत न्हाई."

बायका खो खो हसल्या, थट्टा समजून. बाई हसल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणून उठल्या. मी रीतीप्रमाणे त्यांना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, वाण म्हणून सगळ्यांना दिलेली तीच पितळी वाटी दिली. त्यांच्या वाटीत मात्र तिळगुळाखाली तो कागद होता, पुन्हा नीट घडी घातलेला. घडी वाकडी गेली नाही, ह्याचा मला अजून अभिमान आहे. शेजारच्या खोलीची कडी आतून लागल्याचा आवाज मी ऐकला. रथसप्तमीच्या आत त्या खोली सोडून पुसेगावला राहायला गेल्या. पाटी दारापाशी ठेवून गेल्या.

सगळ्या गेल्यावर खाला मागे थांबल्या. परात, वाट्या आवरू लागल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तकलीफ हय कुछ?" मी म्हटलं, "न्हाई खाला. दात दुखून राहिला." त्यांनी मान हलवली. त्यांना काय कळलं, किती कळलं, मी कधी विचारलं नाही. उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या.

दिवेलागणीला हे आले. मी ठरवल्याप्रमाणे दारातच उभी होते, काळ्या साडीत, पट्टा कमरेला. पण कंदील माझ्या मागे होता, त्यांना फक्त माझी सावली दिसली असणार. त्यांनी चपला काढल्या, पायावर पाणी घेतलं, आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "झालं का हळदीकुंकू? बाई आल्त्या का?"

"आल्त्या," मी म्हटलं. "मी तुमचा दागिना उलटा बांधला होता. त्यायनं सरळ करून दिला."

त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला, पाणी पायावर सांडत राहिलं. कोणता दागिना, असं त्यांनी विचारलं नाही.